मुदत

भवानी पेठेत आमचं मेडिकल.
वडील म्हणायचे, डॉक्टर काय बोलतात ते ऐकू नकोस,
काय लिहितात ते बघ.

नवं औषध जावयासारखं येतं.
आधी एकाच कुणाच्या चिठ्ठीवर,
खाली रेघ मारलेलं, अक्षर सुवाच्य.
मग कंपनीचा पोरगा घामेजल्या टायनं जिने चढतो,
पेनं वाटतो, एखाद्या रविवारी हॉटेलात
पडद्यावर रंगीत आलेख आणि नंतर जेवण.
महिनाभरात सात रस्त्यापासून साखर पेठेपर्यंत
सगळे हात तेच नाव लिहितात
आणि अक्षर पुन्हा बिघडतं.
तेव्हा समजायचं, औषध घरचं झालं.

जाताना मात्र कुणी निरोपाला नसतं.
एकही डॉक्टर दुकानात येऊन म्हणत नाही
की आम्ही आता ते लिहीत नाही.
एक दिवस वरच्या फळीवरच्या खोक्यावर
शेजारच्या यंत्रमागाची पिंजर बसलेली दिसते
आणि मी स्टुलावर चढून मागची तारीख बघतो.

मी शाळेत होतो तेव्हा
मिलचा भोंगा झाला की गुलाबी पातळ औषध खपायचं.
तिसरी पाळी, काळा चहा, उपाशीपोटी तंबाखू,
पोटाला भोक पडायला आणखी काय लागतं?
तिखट सोडा, म्हणायचे डॉक्टर.
सोलापुरात!

मग मिरजेहून शिकून डॉ. गुरुशांत धुत्तरगी आले.
पोटाकडे जाणारी नस कापायची,
आम्लाचं मूळच बंद.
गावातले डॉक्टर आधी हसले,
मग आपले पेशंट पाठवू लागले,
मग स्वतःच्या सासऱ्यांना रिक्षात घालून घेऊन आले.
चाळीत लोक एकमेकांना विचारायचे, कापलंस का?
जेवलास का विचारावं तसं.

मग एक गोळी आली.
मग तिच्याहून बरी दुसरी.
मग कळलं की बहुतेकांच्या पोटात एक जंतू होता,
पंधरा दिवसांच्या औषधानं जाणारा.
तिखट नव्हतं, काळजी नव्हती, नसही नव्हती.
मी तीन गोळ्यांचा एक पुडा विकू लागलो.
सरांच्या टेबलावर
हळूहळू फक्त हर्निया येऊ लागले.

परवा लाइट गेली होती.
सर आले, वय एक्याऐंशी, हातात काठी.
म्हणाले, ती ॲसिडिटीची दे, माझ्यासाठीच.
दिवसाला किती पत्ते जातात रे हिचे?
मी म्हणालो, साठ-सत्तर.
त्यांनी ओठ हलवून काहीतरी हिशेब केला,
मला विचारायचं धाडस झालं नाही.

तेवढ्यात बीपीच्या गोळ्या न्यायला मल्लय्या इप्पाकायल आला.
सरांना बघितलं आणि काउंटरसमोरच
शर्ट गळ्यापर्यंत वर केला.
छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत
पांढरी पडलेली रेघ.
"मोजा की सर, एकतीस टाके.
एक धागा इकडचा तिकडं नाही.
आम्ही मागावरची माणसं,
वीण बघून हात ओळखतो."

सरांनी चष्मा लावला.
मेणबत्ती मी थोडी पुढे सरकवली.
फार वेळ बघत राहिले,
जुन्या वहीत आपलंच अक्षर सापडावं तसं.
मग म्हणाले, "आता असं कुणी करत नाही, मल्लय्या."

"कसं करतील?" तो म्हणाला,
"असा हात कुठंय आता?"

सर काही बोलले नाहीत.
मीही नाही.
मल्लय्यानं शर्ट खाली ओढला, बटणं लावली,
सरांच्या पायाला हात लावून गेला.

लाइट आली.
सरांनी पत्ता उलटा केला, डोळ्यांजवळ नेला.
"मुदत आहे ना रे?"
"आहे की सर," मी म्हणालो,
"अजून दोन वर्षं."